पाटी कुणी उतरवायची?

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत जिंतूर मतदारसंघात एक गंमत झाली. गंमत म्हणायची ती बाहेरच्यांनी. ज्यांच्या अंगावर ती आली त्यांना काही हसू फुटलं नाही. महायुतीच्या जागावाटपात जिंतूर आणि दौंड या दोन जागा महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाच्या (रासप) नावावर मांडल्या होत्या. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा जिंतूरच्या मेघना साकोरे-बोर्डीकर आणि दौंडचे राहुल कुल या दोघांच्याही अर्जाला जोडलेले एबी फॉर्म निघाले भाजपचे. रासपची शिट्टी गेली, कमळ आलं. आपल्याला फसवलं असं जानकर जाहीरपणे म्हणाले, पण युती काही त्यांनी सोडली नाही. दोन्ही उमेदवार निवडून आले, अर्थात कमळावर. रासपचा त्या वर्षी एकच आमदार झाला, तोही याच जिल्ह्यातल्या गंगाखेडातून: रत्नाकर गुट्टे. निवडून आले तेव्हा ते तुरुंगात होते.

बोरी याच जिंतूर मतदारसंघातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं मोठं गाव. कापूस, सोयाबीन, तूर आणि राजकारण ही इथली बारमाही पिकं. शिट्टीची चिठ्ठी घेऊन दारोदार फिरायची तयारी ठेवलेल्या माणसाला एका दुपारी कळतं की आपल्या पक्षाचा उमेदवार आता आपल्या पक्षाचा राहिलेला नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं. विचारायची पद्धतच नसते.

या प्रकाराला कुणी विलीनीकरण म्हटलं नाही. ठराव झाला नाही, संयुक्त मेळावा झाला नाही, हातात हात गुंफून उंच धरलेले फोटोही निघाले नाहीत. तरीही छोटा पक्ष मोठ्यात विरघळतो तो बहुतेक वेळा असाच, एका फॉर्मच्या कागदावर. वाजतगाजत होणारी विलीनीकरणं आणि ‘ऐक्य’ यांचा इतिहास पाहिला तर तिथेही चाल फारशी वेगळी दिसत नाही. फरक इतकाच, की तिथे कागदाआधी हार-तुरे असतात.

आधी हे पाहावं, की बोरीसारख्या गावात छोटा पक्ष म्हणजे नेमकं असतं काय. चौकात लोखंडी चौकटीतली शाखेची पाटी, तिच्यावर उद्घाटकाचं नाव, खाली शाखाध्यक्षाचं. एक रबरी शिक्का. एक पावतीपुस्तक, बहुधा अर्धं भरलेलं. गळ्यात घालायचा रंगीत गमजा. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे लेटरहेड. मुंबई-पुण्यात लेटरहेडला किंमत नसेल, तालुक्यात आहे. निराधार योजनेतलं अडलेलं अनुदान, गायरानाच्या अतिक्रमणाची नोटीस, पीकविम्याची तक्रार, वस्तीवरचा डीपी जळाला तर त्याचा अर्ज, हे सगळं साध्या कागदावर गेलं तर साहेब ‘बघू’ म्हणतात. वर पक्षाचं नाव आणि खाली ‘तालुकाध्यक्ष’ असा शिक्का असला तर निदान पोच मिळते. सणावाराच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथे त्या तालुकाध्यक्षाला खुर्ची असते. मजुरी करणाऱ्या, कधी काळी गावाबाहेर बसवलेल्या वस्तीतल्या माणसाला ठाणेदारासमोर खुर्ची मिळणं ही या जिल्ह्यात लहान गोष्ट नाही.

आता दोन पक्ष एक झाले की काय होतं? तालुकाध्यक्ष दोन आणि खुर्ची एक. प्रदेशाध्यक्षपदाचा तिढा सुटतो, कारण तिथे अध्यक्षीय मंडळ, संसदीय मंडळ, सरचिटणीस, मुख्य प्रवक्ता अशी पदं हवी तेवढी काढता येतात. तालुक्यात ती सोय नाही. ‘नेत्यांचा अहंकार’ हे फुटीचं कारण सगळे सांगतात, आणि ते अर्धंमुर्धं खरंही असेल. पण खाली प्रश्न अहंकाराचा कमी आणि त्या एका खुर्चीचा जास्त असतो. ती गेली तर माणूस पुन्हा साध्या कागदावर अर्ज लिहायला लागतो.

या सगळ्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुखरं उदाहरण रिपब्लिकन पक्षाचं. इथे ‘विलीनीकरण’ हा शब्द कुणी वापरत नाही. शब्द आहे ‘ऐक्य’. बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जागी सर्वांसाठी खुला पक्ष काढायचं ठरवलं होतं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले आणि पक्षाची स्थापना नागपुरात झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष. दोन वर्षं नीट होतात न होतात तोच फूट पडली. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःला ‘दुरुस्त’ म्हणवू लागला. मग दादासाहेब गायकवाडांचा गट आपोआप ‘नादुरुस्त’ ठरला. पुढे या भांडणाला धोतरवाले आणि सूटबूटवाले अशी नावं पडली. मराठी माणसाला भांडणाचं बारसं करण्यात हातखंडा आहे.

पण त्या विनोदी नावांमुळे एक गोष्ट झाकली गेली. ते भांडण कपड्यांचं नव्हतंच. दादासाहेब नाशिक जिल्ह्यातले, काळाराम मंदिर सत्याग्रहात तयार झालेले. त्यांचं म्हणणं असं, की खेड्यातल्या माणसाचा प्रश्न जमिनीचा आहे आणि त्यासाठी डाव्या पक्षांबरोबर रस्त्यावर उतरावं लागलं तरी चालेल. १९५९ मध्ये मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर. कांबळे वकील. घटनेने आखून दिलेल्या वाटेनेच जावं, कम्युनिस्टांच्या नादी लागू नये, ही त्यांची बाजू. दोन्ही बाजूंना बाबासाहेबांच्या लिखाणात आधार सापडत होता. हा खरा, महत्त्वाचा, भांडायलाच हवा असा मतभेद होता. तो सभासदांसमोर मांडून मताला टाकला असता तर एक बाजू हरली असती आणि पक्ष उरला असता. तसं झालं नाही. १९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी युती केली. पुढे बॅरिस्टर खोब्रागडे वेगळे झाले. १९७१ च्या डिसेंबरात दादासाहेब वारले. १९७२ मध्ये दलित पँथर आली ती या गटबाजीला कंटाळलेल्या पोरांची, आणि दोन वर्षांत तीही फुटली.

मराठवाड्यातल्या वस्त्यांना या फुटीची किंमत रोखीने मोजावी लागली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि परभणी, नांदेडकडच्या गावांत घरं जळाली. जाळणाऱ्यांनी कुणालाही ‘तू कोणत्या गटाचा’ असं विचारलं नव्हतं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग सगळं झालं आणि त्यात खालचे कार्यकर्ते गट विसरून एकत्र चालले. ऐक्याची भूक तिथली आहे. ती मुंबईच्या बंगल्यांतून आलेली नाही.

ती भूक एकदा भागलीही. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन नेते एका छत्राखाली आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चार खासदार निवडून गेले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चौघेही सर्वसाधारण जागांवरून. त्या दिवशी वस्त्यांवस्त्यांतून जो गुलाल, म्हणजे इथे निळा, उडाला तो नंतर कधी उडाला नाही. वर्षभरात लोकसभाच विसर्जित झाली. शरद पवारांनी जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काढली आणि प्रश्न उभा राहिला: आता काँग्रेसबरोबर की पवारांबरोबर? आठवले पवारांबरोबर गेले आणि पंढरपुरातून निवडून आले. आंबेडकर अकोल्यातून पुन्हा जिंकले, पण आपल्या भारिप बहुजन महासंघाच्या नावावर. छत्री मिटली.

म्हणजे ऐक्य कशावर मोडलं? विचारधारेवर नाही, बाबासाहेबांवर तर नाहीच नाही. ‘युती कुणाशी करायची’ या एका प्रश्नावर मोडलं. दादासाहेबांच्या काळातही दुखणं हेच होतं, पुढेही हेच राहिलं. आठवले २०११ मध्ये शिवसेना-भाजपबरोबर गेले, २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. आंबेडकरांनी २०१९ मध्ये भारिप बहुजन महासंघच वंचित बहुजन आघाडीत विसर्जित करायचं ठरवलं. अकोल्यात ज्यांनी पंचवीस वर्षं ‘भारिप’ची पाटी सांभाळली होती, त्यांना ती बदलून नवी लावायला सांगण्यात आलं. त्यांनी लावलीही, कारण नेत्यावर विश्वास होता. पण विश्वास आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऐक्याचं गणित कागदावर किती मोहक दिसतं याचा परभणीनेच चांगला दाखला दिला आहे. २०१९ च्या लोकसभेला इथे शिवसेनेचे संजय जाधव राष्ट्रवादीच्या राजेश विटेकरांपेक्षा बेचाळीस हजारांच्या आसपास मतांनी पुढे राहिले. त्याच निवडणुकीत वंचितचे आलमगीर खान यांना दीड लाखाच्या आसपास मतं होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हॉटेलात चहा पिणारा प्रत्येक माणूस राज्यशास्त्राचा प्राध्यापक होतो. ‘एक झाले असते तर!’ पण वंचितला मत देणारा माणूस युती झाली असती तर राष्ट्रवादीला मत देतच गेला असता, हे कुणी ठरवलं? त्यातल्या अनेकांनी तर राष्ट्रवादीला मत द्यायचं नाही म्हणूनच तिसरी वाट धरली असणार. २०२४ मध्ये वंचितने इथे हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख उभे केले. पाऊस सांगणाऱ्या माणसाला लाखाच्या आतबाहेर मतं पडली. त्याच निवडणुकीत महायुतीचे उमेदवार म्हणून खुद्द जानकर शिट्टी घेऊन परभणीत उतरले होते आणि संजय जाधवांकडून एक लाख चौतीस हजार मतांनी हरले. मतं ही पोत्यातल्या तुरीसारखी एका पोत्यातून दुसऱ्यात ओतता येत नाहीत, हे या जिल्ह्याने दोनदा सांगून झालं आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात परभणी पुन्हा देशाच्या तोंडी आली. १० तारखेला रेल्वे स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर सगळे गट परभणीत येऊन गेले, आपापल्या गाड्यांतून. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात सोमनाथच्या आईच्या बाजूने प्रकाश आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याच वेळी रामदास आठवले केंद्रात मंत्री होते, आणि ज्यांच्या पोलिसांविरुद्ध तो आदेश होता त्या राज्य सरकारात त्यांचा पक्ष भागीदार होता. एक नेता सरकारविरुद्ध कोर्टात, दुसरा सरकारात. या दोघांनी एका व्यासपीठावर यावं असं मनापासून वाटणारी माणसं परभणीत हजारोंनी सापडतील. पण आल्यावर सरकारच्या बाजूने बोलायचं की विरोधात, याचं उत्तर आधी ठरवल्याशिवाय ते व्यासपीठ एक रात्रसुद्धा टिकणार नाही. ‘एक व्हा’ ही घोषणा या प्रश्नाला वळसा घालते, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहे.

हा रोग निळ्या झेंड्यापुरता आहे असं समजायचं कारण नाही. मराठवाड्याने पाहिलेलं सर्वांत ठसठशीत विलीनीकरण डिसेंबर १९८६ मधलं. औरंगाबादेत, राजीव गांधींच्या उपस्थितीत, शरद पवारांची समाजवादी काँग्रेस इंदिरा काँग्रेसमध्ये विलीन झाली. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, याच पक्षाने विधानसभेच्या चोपन्न जागा जिंकल्या होत्या, त्याही काँग्रेसला विरोध करून. गावोगाव पोरांनी काँग्रेसवाल्यांशी हाडवैर घेऊन त्या जागा आणल्या होत्या. कुणाची सोसायटी गेली होती, कुणाचा ऊस गाळपाला शेवटी ठेवला गेला होता. नेत्याने दीड वर्षात मुख्यमंत्रिपद मिळवलं; जून १९८८ मध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री झाले. पोरांना काय मिळालं? ज्याच्या विरोधात ते लढले, त्याच पाटलाच्या वाड्यावर जाऊन रामराम करायची वेळ.

त्यातले बरेच जण गेले नाहीत. मराठवाड्यात विरोधाची जी जागा रिकामी झाली तिथे शिवसेना शिरली, हे आता सर्वमान्य आहे. १९८८ मध्ये औरंगाबाद महापालिकेत ती सर्वांत मोठा पक्ष झाली आणि १९८९ मध्ये परभणी लोकसभेवर शिवसेनेचे अशोकराव देशमुख निवडून आले. १९९८ चा एक अपवाद सोडला तर तेव्हापासून ही जागा शिवसेनेच्या नावाने आहे. गंमत अशी, की इथून निवडून आलेला खासदार पुढे शिवसेनेत राहत नाही अशी जिल्ह्यात म्हणच पडली होती, आणि ती मोडायला संजय जाधव यावे लागले. शिवसेना वाढली त्याला कारणं अनेक. जातीय आणि धार्मिक तेढ हे त्यातलं मोठं. पण माणसं तयार सापडली ती त्या विलीनीकरणाने. लढायची सवय लागलेली आणि अंगावरचा झेंडा काढून घेतलेली माणसं.

याच समाजवादी काँग्रेसमधल्या केरळातल्या काही जणांनी मात्र विलीन व्हायला नकार दिला. कडन्नप्पल्ली रामचंद्रन यांची काँग्रेस (एस) हा इवलासा पक्ष तिथे अजून डाव्या आघाडीत आहे. ‘एस’ कशासाठी हे आता तिथल्याही पोरांना सांगावं लागत असेल, पण पाटी आहे.

न विरघळण्याचं उदाहरण परभणीतही आहे, आणि ते जास्त विचार करायला लावणारं आहे. शेतकरी कामगार पक्षाचा हा जुना जिल्हा. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत इथून शेकापचे नारायणराव वाघमारे लोकसभेत गेले. १९७७ मध्ये देशभरातले विरोधी पक्ष स्वतःला जनता पक्षात विसर्जित करत होते. जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल सगळे. शेकापने ते केलं नाही. युती केली, पण झेंडा आपला ठेवला. त्या निवडणुकीत त्यांचे महाराष्ट्रातून पाच खासदार आले: कुलाब्यातून दि. बा. पाटील, नांदेडमधून केशवराव धोंडगे, लातूरमधून उद्धवराव पाटील, कोल्हापुरातून दाजिबा देसाई आणि परभणीतून शेषराव देशमुख. पाचांतले तीन मराठवाड्याचे. तीन वर्षांत जनता पक्षाच्या चिंधड्या झाल्या, शेकाप उरला. समाजवाद्यांचं मात्र ठरलेलं होतं. १९५२ मध्ये जुळले, १९५५ मध्ये तुटले, १९६४ मध्ये पुन्हा जुळले, १९६५ मध्ये पुन्हा तुटले. वेगळं राहवत नाही आणि एकत्र नांदवत नाही, असा तो संसार.

यावरून वेगळं राहणं हेच शहाणपण, असा निष्कर्ष कुणी काढू नये. आज परभणी जिल्ह्यात शेकापची पाटी शोधावी लागते. पक्ष उरला पण माणसं दुसरीकडे गेली. स्वतंत्र राहिलेला पक्ष स्वतःच्या वजनाने वाढला नाही, तर तो कधी गेला हेही कुणाच्या लक्षात येत नाही. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये देशातले ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढून टाकले, कारण सहा वर्षांत त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. त्यांच्या पाट्या उतरवायला कुणी गेलंही नसेल.

प्रश्न विलीन व्हावं की न व्हावं हा नाहीच. ठरवायचं कुणी, हा आहे. आणि इथे आपला कायदा कार्यकर्त्याच्या बाजूने अजिबात उभा नाही. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, राज्यघटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. त्यातल्या चौथ्या परिच्छेदानुसार विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश सदस्य तयार असले की विलीनीकरण झालं असं मानलं जातं. पूर्वी एक तृतीयांशांना फूट म्हणून सूट होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती गेली आणि पळून जाणाऱ्यांना ‘विलीनीकरण’ हा एकच दरवाजा उरला. शब्द पवित्र, वापर भलताच.

याचा कळस गोव्याने केला. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ मध्ये निघाला तोच मुळी गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ते स्वप्न ३४,०२१ मतांनी हरलं. त्या विलीनीकरणासाठी निदान गोव्याच्या प्रत्येक मतदाराला विचारलं होतं! मार्च २०१९ मध्ये याच मगोपचे तीन आमदार होते. त्यातल्या दोघांनी, मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी, मध्यरात्री सभापतींना पत्र दिलं की आमचा विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन झाला. तीनपैकी दोन म्हणजे दोन तृतीयांश, हिशेब चोख. उरलेले तिसरे सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री होते. दुसऱ्या दिवशी त्यांचं पद गेलं. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी तेच केलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल लागला तो आमदारांच्या बाजूने. मगोपचे सभासद, शाखा, देवळासमोर भरणाऱ्या सभा, साठेक वर्षांचा इतिहास, यांचं वजन त्या तराजूत शून्य. पक्ष आजही आहे, ही गोष्ट वेगळी.

ज्या छोट्या पक्षाला आमदारच नाही त्याची तर आणखी सोय. अध्यक्षांची सही असलेलं एक पत्र पुरतं. रात्री मुंबईत सही, सकाळी बोरीत बातमी.

दुसऱ्या देशांत हे वेगळं चालतं का? काही ठिकाणी चालतं, आणि भांडण तिथेही होतं. ब्रिटनमध्ये मजूर पक्षातून १९८१ मध्ये बाहेर पडलेल्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला होता. लिबरल पक्षात विलीन व्हायचं का, यावर १९८७ च्या ऑगस्टमध्ये सभासदांकडून टपालाने मतं मागवली. साधारण सत्तावन्न टक्के बाजूने पडली. पक्षाचे नेते डेव्हिड ओवेन विरोधात होते. ते हरले, नेतेपद सोडलं आणि आपला वेगळा सुभा मांडून बसले. मे १९९० मध्ये बूटल इथल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला ‘मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी’ नावाच्या, निव्वळ थट्टेसाठी काढलेल्या पक्षापेक्षाही कमी मतं पडली आणि काही दिवसांतच ओवेन यांनी दुकान बंद केलं. मतदान झालं म्हणून फूट टळली नाही. पण कोण किती पाण्यात आहे ते तीन वर्षांत कळलं. आपल्याकडे रिपब्लिकन गटांची तशी मोजणी साठ वर्षांत झाली नाही, म्हणून प्रत्येक गट आजही ‘खरा’ आहे.

आपल्याकडे असं मतदान शक्य नाही, असं म्हणणारे लगेच पुढे येतील. छोट्या पक्षाकडे सभासदांची यादी कुठे असते? हा आक्षेप खरा आहे, आणि यादी नसणं ही नेत्यांची सोय आहे. यादी असली की मोजावं लागतं, मोजलं की हरावं लागतं. पण बोरीच्या चौकातल्या शाखेकडे ते अर्धं भरलेलं पावतीपुस्तक आहे. दहा-वीस रुपयांची पावती फाडलेली माणसं त्यात नावानिशी आहेत. विलीनीकरणाचा प्रस्ताव आला की तालुक्याच्या ठिकाणी त्यांना बोलवावं, आणि भाषणं करण्याआधी चार गोष्टी लेखी द्याव्यात: पुढची युती कुणाशी, चिन्ह कोणतं, दोन तालुकाध्यक्षांपैकी कोण राहणार, आणि वर्षभराने पटलं नाही तर बाहेर पडायची वाट कोणती. मग हात वर करायला लावू नयेत, चिठ्ठ्या टाकायला लावाव्यात. नेत्यासमोर हात वर करायला कुणाची हिंमत होत नाही. ज्या पक्षाला एवढंही जमत नसेल त्याने ऐक्याच्या परिषदा भरवू नयेत, मंडपाचा खर्च तरी वाचेल.

आणि असं बसून ठरवायची सवय गावात नाही असंही नाही. एकाच वस्तीत आठवले गटाचा, वंचितचा, कवाडे गटाचा आणि आणखी एखाद्या गटाचा असे चार पदाधिकारी असतात, चौघांची चार लेटरहेडं असतात. १४ एप्रिलची जयंती समिती मात्र एकच असते. महिनाभर आधी विहारात बैठक बसते, अध्यक्ष कोण यावरून दरवर्षी भांडण होतं, एखाद वर्षी कुणी रागाने उठूनही जातो. वर्गणी प्रत्येक घराची ठरते, न देणाऱ्याचं नावही सगळ्यांना ठाऊक असतं. जयंती झाल्यावर पुन्हा बैठक. वही उघडून हिशेब मोठ्याने वाचला जातो: डीजे इतके, मंडप इतका, जेवणाचे तांदूळ इतके, हारफुलं इतकी. मागून एखादी म्हातारी विचारते, तेलाचा डबा एकच आणला होता, दोन कसे लिहिले? वाचणारा वही मागे-पुढे करतो, खोडतो, पुन्हा बेरीज मांडतो. शिल्लक राहिली तर पुढच्या वर्षीच्या मंडपवाल्याला त्यातून इसार जातो.